मंदावलेला लॅपटॉप: आधी निदान, मग खर्च

२०२० आणि २०२१ मध्ये शाळा आणि कार्यालये घरात आली, तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईतल्या असंख्य कुटुंबांनी मुलांच्या ऑनलाइन तासांसाठी घाईघाईने एखादा स्वस्त लॅपटॉप घेतला. त्या किमतीत मिळणाऱ्या लॅपटॉपची ठेवण बहुधा सारखीच होती: इंटेलचा सेलेरॉन, पेंटियम किंवा आय३ प्रोसेसर, नाहीतर एएमडीच्या ए-मालिकेतला एखादा, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. ती मुले आता महाविद्यालयात पोहोचली आहेत आणि तो लॅपटॉप चालू होऊन वापरण्याजोगा व्हायला काही मिनिटे घेऊ लागला आहे. अशा वेळी मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे कुठले तरी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर टाकून पाहा, आणि दुसरा म्हणजे हा विकून नवीन घ्या. पहिल्या सल्ल्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे आणि दुसरा बरेचदा फार लवकर दिला जातो.

स्वस्त लॅपटॉप सर्व बाजूंनी मंद असतो असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा त्याचा एकच भाग बाकीच्यांना अडवून धरतो आणि तो कोणता हे स्क्रूड्रायव्हर हातात न घेता दहा मिनिटांत कळते. म्हणून या लेखात आधी निदानावर वेळ घालवला आहे आणि खर्चाचा विषय त्यानंतर आणला आहे. वर्णन विंडोज १० आणि ११ यांना धरून आहे. लॅपटॉप कार्यालयाने दिलेला असेल, तर मात्र पुढचे काहीही स्वतः न करता कंपनीच्या आयटी विभागाकडे जावे. ऐरोली-महापे पट्ट्यात अशा वाचकांची संख्या मोठी असल्यामुळे हे आधीच सांगितलेले बरे.

निदान

लॅपटॉप सुरू करून त्याला पाच मिनिटे शांत राहू द्यावे आणि मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. तो आखूड स्वरूपात उघडला तर ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करून ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे. येथे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. आता आपण रोज जे करतो ते करावे, म्हणजे ब्राउझर उघडावा, त्यात चार-पाच पाने उघडावीत, एखादी वर्डची फाइल उघडावी, आणि ते चालू असताना आलेखांकडे लक्ष ठेवावे.

सर्वांत आधी डिस्क पाहावी. विंडोज १० च्या २०२० पासूनच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये डिस्कच्या नावाखाली ती एचडीडी (म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क) हे लिहिलेले असते. एचडीडी असेल आणि ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ शंभर टक्क्यांना चिकटलेला असताना प्रत्यक्ष वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी इतकाच दिसत असेल, तर अडथळा तिथेच आहे. ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हा आकडाही पाहावा. निरोगी हार्ड डिस्कवर तो हलक्या कामात दहा-वीस मिलिसेकंदांच्या आसपास असतो, पण डिस्क गुदमरली की तो शेकड्यांत आणि कधीकधी हजारांत जातो. एसएसडीवर हा आकडा सहसा एक-दोन मिलिसेकंदांच्या वर जात नाही.

यामागचे कारण यांत्रिक आहे. स्वस्त लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर जावे लागते. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला साठ ते ऐंशी वेळाच माहिती उचलू शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान फाइली वाचल्या जातात, त्यात अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटचा शोध आणि फाइलींची सूची बनवण्याचे काम यांची भर पडते. लॅपटॉप नवा होता तेव्हाही डिस्क इतकीच संथ होती, परंतु दरम्यानच्या वर्षांत विंडोज आणि ब्राउझर यांची भूक वाढली.

दुसरा आलेख मेमरीचा. ‘इन यूज’ हा आकडा एकूण रॅमच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे सतत राहत असेल आणि ‘कमिटेड’ या शब्दाखालचा पहिला आकडा प्रत्यक्ष रॅमपेक्षा मोठा असेल, तर रॅम अपुरी पडत आहे असे समजावे. ओटा लहान असला की एक भांडे खाली ठेवल्याशिवाय दुसरे वर घेता येत नाही, तसे येथे होते: विंडोज रॅममधली माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. डिस्क जर एचडीडी असेल तर ही ने-आण तिला आणखी जेरीस आणते, आणि म्हणूनच पुष्कळदा रॅमची कमतरता डिस्कच्या आलेखात दिसते. याच पडद्यावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हे शब्द दिसतील. पहिला आकडा लिहून ठेवावा, पुढे लागेल. दुसऱ्यावरून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा किती भाग पडद्यावरच्या चित्रासाठी राखून ठेवला आहे याचा अंदाज येतो.

तिसरा आलेख सीपीयूचा, आणि तेथे टक्क्यांपेक्षा ‘स्पीड’ हा आकडा अधिक बोलका असतो. आय३-१००५जी१ या प्रोसेसरचा मूळ वेग १.२ गिगाहर्ट्‌झ आहे आणि गरज पडली की तो ३.४ पर्यंत जातो. काम चालू असताना तुमचा वेग मूळ वेगाच्याही खाली, ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्‌झवर अडकून पडला असेल, तर प्रोसेसर उष्णतेमुळे किंवा चार्जरच्या दोषामुळे स्वतःला रोखून धरत आहे. याचा उपाय पुढे येईल.

येथेच ‘अप टाइम’, म्हणजे शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासून गेलेला वेळ, हा आकडाही असतो. रोज रात्री ‘शट डाउन’ करणाऱ्या माणसालाही तो पंधरा-वीस दिवस दाखवतो, तेव्हा आश्चर्य वाटते. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे शट डाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात ‘रिस्टार्ट’ने होते. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करणे हा या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खर्चाविना होणारी कामे

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. छपाई यंत्राचे साहाय्यक, मीटिंगची अ‍ॅप, खेळांचे लाँचर, ब्राउझर, टॉरंट असे सगळे तिथे डिसेबल करावे. डिसेबल केल्याने प्रोग्रॅम निघून जात नाही, तो आपण उघडेपर्यंत थांबतो एवढेच. टचपॅड, ध्वनी आणि ग्राफिक्स यांची नावे ओळखीची नसली तरी त्यांना हात लावू नये.

त्यानंतर सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची यादी वरून खालपर्यंत वाचावी. लॅपटॉपबरोबर चाचणी मुदतीसाठी आलेला आणि पाच वर्षांपूर्वीच मुदत संपलेला अँटिव्हायरस अजून तिथे बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. एकावर एक दोन अँटिव्हायरस ठेवणे हे मंद लॅपटॉपचे फार जुने कारण आहे. ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ अशा नावांचे जे काही सापडेल ते निःशंकपणे काढावे, कारण रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ केल्याने वेग वाढत नाही आणि चुकीचा ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) बसला तर उलट नवे दुखणे मागे लागते. सेकंड-हँड घेतलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज ‘क्रॅक’ करण्यासाठी टाकलेला प्रोग्रॅम आढळला, तर त्याला काढत बसण्यापेक्षा पुढे सांगितल्याप्रमाणे संपूर्ण यंत्रणा नव्याने टाकणेच योग्य.

ब्राउझरमध्ये मेमरी वाचवणारी सोय सुरू करावी. ती क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ या नावाने आहे. न वापरलेली एक्स्टेन्शन काढावीत. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहील असे पाहावे आणि त्यासाठी सेटिंग्जमधील ‘स्टोरेज सेन्स’ वापरावा, मात्र त्याला ‘डाउनलोड्स’चे फोल्डर रिकामे करण्याची परवानगी देण्यापूर्वी त्यात आधार, दाखले किंवा गुणपत्रिका तर नाहीत ना हे तपासावे. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवावा. डीटीपीचे काम करणाऱ्यांनी फॉन्टही मोजावेत, कारण शेकडो मराठी फॉन्ट बसवलेल्या लॅपटॉपवर वर्ड आणि कोरलड्रॉ उघडायलाच वेळ लागतो, आणि त्यांतले बहुतेक फॉन्ट कुणीच वापरत नसते.

विंडोजच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारे प्रोग्रॅम, एकामागून एक बंद करण्याचे सल्ले देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी ते करायला सांगणार नाही. एचडीडी असलेल्या लॅपटॉपवर ‘सिसमेन’ ही सर्व्हिस बंद केल्याने काही काळ बरे वाटू शकते, पण दुखण्याचे मूळ तसेच राहते आणि सहा महिन्यांनी काहीतरी चालेनासे झाले की आपण काय बंद केले होते हेही आठवत नाही.

डिस्क आजारी तर नाही?

पुढे जाण्याआधी एक तपासणी कधीही टाळू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःबद्दलची नोंद वाचून ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा देते. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या ओळींत शून्याहून मोठा आकडा असेल, तर डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले आहेत आणि मंदपणा हे त्याचेच लक्षण असू शकते. अशा वेळी वेगाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी फोटो, प्रमाणपत्रे, हिशोब आणि प्रकल्प दुसऱ्या डिस्कवर घ्यावेत. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणेही धोक्याचे आहे.

एसएसडी निवडणे

निदानात एचडीडी हा अडथळा निघाला असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवण्याइतका परिणाम दुसऱ्या कशानेही होत नाही. साध्यातली साधी साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि हार्ड डिस्क १०० च्या आसपास, पण खरा फरक या आकड्यांत दिसत नाही. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने उचलते, आणि मंद लॅपटॉपला नेमके तेच हवे असते. सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून अर्ध्या मिनिटाच्या आत येणे ही सामान्य गोष्ट आहे.

कोणती एसएसडी बसेल हे लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलवर ठरते. खालच्या बाजूच्या स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरची सर्व्हिसची पुस्तिका उतरवून घ्यावी. डेल, एचपी आणि लेनोवो या पुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात आणि त्यांत कोणता स्क्रू कुठे आहे इथपर्यंत चित्रे असतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी अडीच इंची आणि ७ मिलिमीटर जाडीची असते. २०१८ नंतरच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशिवाय एम.२ या प्रकारचा आखूड पट्टीसारखा स्लॉटही रिकामा असतो. तो असेल तर एसएसडी तिथे बसवून जुनी हार्ड डिस्क फाइली साठवण्यासाठी आतच ठेवता येते. मात्र एम.२ हे नुसत्या आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणी) अशा दोन प्रकारांत येतात आणि काही स्लॉट दोहोंपैकी एकच स्वीकारतात. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून दुकानदाराच्या ‘बसून जाईल’वर विसंबू नये. एनव्हीएमईचे छापील आकडे कितीतरी मोठे असतात, पण ब्राउझर आणि वर्डच्या वापरात साटाच्या तुलनेत तो फरक हाताला फारसा जाणवत नाही.

क्षमता २५६ जीबी असली तरी भागते, परंतु फोटो आणि मोबाइलचे बॅकअप त्याच लॅपटॉपवर ठेवणाऱ्या घराने ५१२ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे एखाद्या परिचिताने दोन वर्षांपूर्वी दिलेली किंमत मनात धरून दुकानात जाऊ नये. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये विचारून, ऑनलाइन भावाशी ताडून पाहावे. निवड जास्त हवी असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठावे आणि लॅमिंग्टन रोडला जावे, मात्र रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात. कुठेही घेतली तरी जीएसटीचे बिल आणि त्यावर सीरियल क्रमांक घ्यावा, कारण एसएसडीची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी त्याच कागदावर चालते. नावही न ऐकलेल्या कंपनीची अर्ध्या किमतीतली २ टीबी एसएसडी दिसली, तर ती बनावट आहे असे धरून चालावे.

बसवण्यापूर्वी आणि बसवताना

बॅकअप झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती फार जण विसरतात. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, सुरू आहे का ते तपासावे. सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर काढलेल्या डिस्कमधला मजकूर आपल्यालाच उघडता येत नाही.

आता दोन मार्ग आहेत. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायची, किंवा विंडोज कोरे टाकायचे. लॅपटॉपवर हिशोबाचे टॅली किंवा मराठी टंकलेखनाचे श्री-लिपी यांसारखे परवान्याचे सॉफ्टवेअर असेल आणि ते पुन्हा बसवण्याची सोय हाताशी नसेल, तर नक्कल करावी. त्यासाठी एसएसडीच्या कंपनीचे सॉफ्टवेअर किंवा मोफत असलेले क्लोनझिला वापरता येते, आणि एसएसडी बाहेरून जोडण्यासाठी यूएसबीची केस लागते. बाकी सर्वांनी विंडोज नव्याने टाकावे, कारण पाच वर्षांचा गाळ नव्या डिस्कवर जसाच्या तसा नेण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवावे. मूळ लॅपटॉपबरोबर अधिकृत विंडोज आले असेल, तर त्याचा परवाना मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डशी, बांधलेला असतो. तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, टाकली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते आणि त्यासाठी कुणाला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

लॅपटॉप उघडताना चार्जर काढून तो पूर्ण बंद करावा. टेबलावर कागद घेऊन त्यावर लॅपटॉपची आकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू तिथे त्याच्या जागी ठेवावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो. काही स्क्रू रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या खोबणीत लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर न लावता पुस्तिका पुन्हा पाहावी. कडा सोडवायला बाद झालेले एटीएम कार्ड चांगले उपयोगी पडते. झाकण निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी अलगद सोडवावी, आणि मगच डिस्कला हात घालावा. त्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तिथेच थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचली जाणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

जुन्या हार्ड डिस्कभोवतीची धातूची चौकट काढून ती एसएसडीला लावावी, एसएसडी सरळ रेषेत सरकवावी, बॅटरी जोडून झाकण लावावे. दोन डिस्क असणार असतील, तरी विंडोज टाकेपर्यंत जुनी बाहेरच ठेवावी, नाहीतर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी चालू करताच डेल आणि लेनोवोमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९ आणि असूसमध्ये एस्केप ही कळ दाबत राहावी. एसरमध्ये एफ१२ ची सोय आधी एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, सुरू करावी लागू शकते. विंडोजने डिस्कच सापडत नाही असे म्हटले, तर घाबरू नये. इंटेलच्या अकराव्या आणि पुढच्या पिढ्यांच्या काही लॅपटॉपमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावरचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो, आणि मग डिस्क दिसू लागते. यंत्रणा बसल्यावर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉपच्या कंपनीकडूनच घ्यावेत.

हे सगळे दुकानातून करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. तिथे थांबून समोर करून घ्यावे, जुनी डिस्क परत मागून घ्यावी आणि लॅपटॉप ठेवूनच यावा लागला, तर जीमेल आणि बँकेची खाती आधी साइन आउट करावीत.

रॅम

एसएसडी बसवल्यावर रॅमची टंचाई पूर्वीइतकी जाचत नाही, कारण डिस्कवरची ने-आण आता झपाट्याने होते. म्हणून एचडीडी आणि ४ जीबी रॅम अशी दुहेरी अडचण असेल आणि पैसे एकाच गोष्टीचे असतील, तर आधी एसएसडी घ्यावी. ज्यांच्याकडे एसएसडी आहे आणि रॅम ४ जीबी आहे, त्यांनी ८ जीबीपर्यंत जाणे हा सर्वांत योग्य खर्च आहे.

‘स्लॉट्स यूज्ड’मध्ये ‘१ ऑफ २’ दिसले तर रिकामा स्लॉट असण्याची शक्यता आहे, पण काही लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर सोल्डर केलेली रॅमही एक स्लॉट म्हणून मोजली जाते, म्हणून खात्री पुस्तिकेतूनच करावी. डीडीआर३एल आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वेग वेगवेगळे असले तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात, याने बिघडत काही नाही. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असल्या तर त्या जोडीने काम करतात आणि रॅमचाच वाटा वापरणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी (मदरबोर्डवरच पक्की बसवलेली) साठवण आणि सोल्डर केलेली ४ जीबी रॅम असा लॅपटॉप असेल, तर त्यात बदलण्याजोगे फारसे काही नसते. त्यावर पैसे घालू नयेत. विंडोज नव्याने टाकणे, किंवा विंडोजच्या जागी चालणारी मोफत यंत्रणा, म्हणजे पुढे सांगितलेले लिनक्स, एवढेच मार्ग उरतात.

उष्णता, धूळ आणि चार्जर

ज्यांना सीपीयूचा वेग ०.४ किंवा ०.८ वर अडकलेला दिसला, त्यांच्यासाठी हा भाग आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींत मेट्रोच्या आणि नव्या टॉवरांच्या बांधकामाची धूळ वर्षभर येते, खाडीकाठच्या वसाहतींत हवा दमट आणि खारट असते, आणि या दोन्हींचा मिळून पंख्याच्या जाळीत नमद्यासारखा थर बसतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तर उरलीसुरली हवाही अडते. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो.

झाकण उघडलेले असतानाच पंख्याची पाती बोटाने धरून, कॅनमधल्या दाबाच्या हवेने जाळी आतून बाहेर साफ करावी. पाती न धरता हवा मारली तर पंखा मर्यादेपलीकडे फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यासाठी त्यावर लावलेला लेप, वाळते, ती बदलायचे काम मात्र अनुभवी हाताकडे द्यावे. काही सेलेरॉन लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो, त्यांच्याबाबतीत कडक सपाट पृष्ठभाग हाच उपाय.

तापमान ठीक असूनही वेग खाली अडकला असेल, तर चार्जर काढून केवळ बॅटरीवर पाहावे. बॅटरीवर वेग सुधारला तर दोष चार्जरकडे आहे. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखता आला नाही की प्रोसेसरला मुद्दाम हळू चालवतात, आणि रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त चार्जरची ही फारशी कुणाला ठाऊक नसलेली किंमत असते. हे कळेपर्यंत लोक दोनदा फॉरमॅट करून घेतात.

विंडोज १० नंतर

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या बाबतीत मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. येथे खरेदीचे वर्ष फसवे ठरते: आय३-७०२०यू हा प्रोसेसर २०१८ मध्ये आला आणि नंतरही स्वस्त लॅपटॉपमध्ये मिळत राहिला, पण तो सातव्या पिढीचा असल्याने यादीत बसत नाही. उलट सेलेरॉन एन४०२० त्याच्याहून दुबळा असूनही बसतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन याचे उत्तर लगेच देते, आणि एसएसडीवर पैसे घालण्यापूर्वी ते चालवून घ्यावे.

उत्तर नकारार्थी आले तरी एसएसडी वाया जात नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, तिच्यात मराठी टंकलेखनाची सोय करता येते, आणि ब्राउझर, लिबरऑफिस, व्हिडिओ, ऑनलाइन अर्ज एवढाच वापर असलेल्या घराला आणखी काही लागत नाही. ती पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. वायफाय, ध्वनी आणि छपाई यंत्र तिथेच तपासावे. टॅली आणि श्री-लिपी तिच्यावर थेट चालत नाहीत, त्यामुळे व्यवसायाचा लॅपटॉप असेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

काम झाल्यावर सुरुवातीचे तीन आलेख पुन्हा पाहावेत. डिस्क शांत असूनही साध्या पानांवर सीपीयू शंभर टक्क्यांना जाऊन बसत असेल आणि वेगही पूर्ण असेल, तर आता अडथळा प्रोसेसर आहे. तो बदलता येत नाही आणि त्या लॅपटॉपवर आणखी खर्च करू नये. तेव्हा एसएसडी काढून यूएसबीच्या केसमध्ये घालावी, ती बाहेरची डिस्क म्हणून पुढच्या लॅपटॉपला चालते. ‘गुड’ शेरा असलेली जुनी हार्ड डिस्कही अशाच केसमध्ये घालून बॅकअपला वापरावी. ‘कॉशन’ शेरा असलेली डिस्क मात्र पूर्ण पुसून अधिकृत ई-कचरा संकलनात द्यावी, भंगारवाल्याला तशीच देऊ नये.